गाळलेलं वाक्य

दुभाष्याचं खरं काम भाषांतर करणं नसून भांडण टाळणं असतं, असं मी जन्मभर मानत आले. मुंबईत सोव्हिएत शिष्टमंडळं यायची तेव्हा त्यांच्यासोबत बहुतेक वेळा मीच असे. विदर्भातल्या एका कारखान्यात एक रशियन इंजिनिअर नव्या बॉयलरकडे बघून म्हणाला, "हा ज्या गाढवाने बसवलाय त्याला आधी बाहेर काढा." ते गाढव, म्हणजे मॅनेजरसाहेब, माझ्या शेजारीच हार घेऊन उभे होते. मी म्हटलं, "पाहुण्यांना बॉयलरबद्दल एक-दोन सूचना करायच्या आहेत." साहेबांनी खूश होऊन हार घातला, जेवणं झाली, करार झाला. याला आम्ही दुभाषी आपसांत 'कोपरे घासणं' म्हणायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी घासलेल्या कोपऱ्यांवर भारत-सोव्हिएत मैत्री निदान माझ्यापुरती तरी टिकून होती.

रशियनांना वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं उद्धटपणाचं वाटतं. बापाचं नाव जोडावं लागतं. माझे वडील श्रीरंग, म्हणून मी त्यांची सुमित्रा श्रीरंगोव्ना. मला ते आवडायचं. बाप मधे घालायची खोड त्यांची आणि आपली सारखीच.

मग तो देशच राहिला नाही. नवरा गेला, तो शेवटपर्यंत पक्षाच्या कचेरीत पंख्याखाली बसून पत्रकं लिहीत होता. आणि कॉम्रेडांचा एकुलता एक मुलगा शार्दूल न्यू जर्सीत पार्सिपनीला एका विमा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळू लागला. दोन हजार आठ साली मी त्याच्याकडे राहत होते. तो अमेरिकन नागरिक झाला होता आणि माझं ग्रीन कार्ड करण्याच्या मागे लागला होता. दिवसभर मी टीव्हीसमोर बसून जगाची काळजी करायची. इराक होतंच. दिल्लीत अणुकरारावरून आमच्या डाव्यांनी सरकारचा पाठिंबा काढला, आणि सरकार काही पडलं नाही. ऑगस्टात रशियाचे रणगाडे जॉर्जियात शिरले. टीव्हीवर गोऱ्या बायका नकाशावर बोट ठेवून बोलायच्या आणि मी त्यांच्याशी मराठीत भांडायची.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. एका रविवारी अनिका आली. ही आमच्या मराठी मंडळातल्या नंदाची मुलगी, इथेच जन्मलेली, वकील झालेली. नेवार्कमध्ये एका संस्थेत ती आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांच्या केसेस फुकट चालवायची.

"सुमित्रामावशी, एक ह्यूज फेवर हवाय," ती म्हणाली. "तुम्हाला रशियन येतं ना, म्हणजे, रिअल रशियन?"

"खोटं रशियन कसलं असतं गं?"

तिचा एक अशील होता, अंतोन. सव्वीस वर्षांचा, व्होल्गाकाठच्या एका गावात शाळेत भूगोल शिकवायचा. त्याची मुलाखत लागली होती. मुलाखतीला अर्जदाराने आपला दुभाषी आपणच आणायचा असतो, आणि याला रशियन माणूस नको होता.

"रशियन दुभाषी रशियन नको? हे बरंय."

"मावशी, इथले रशियन सगळे एकमेकांना ओळखतात. आपल्या मंडळासारखंच आहे ते. आज एकाने ऐकलं की उद्या ब्राइटन बीचच्या रशियन वस्तीत पोचतं, आणि परवा तिकडे त्याच्या आईला फोन जातो. आईला काहीच माहीत नाहीये." तिने शार्दूल होता त्या स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "ही इज गे. मॉस्कोत लास्ट इयर त्यांचा मोर्चा होता, बंदी घातलेला. तिथे त्याचा फोटो आला. मग गावच्या पोलिसांनी त्याला उचललं."

मी हो म्हटलं. का म्हटलं? खरं सांगायचं तर कितीतरी वर्षांत मला कोणी रशियन बोलायला बोलावलं नव्हतं. संध्याकाळी शार्दूलने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "राजकीय कार्यकर्ता आहे. मोर्चात मार खाल्लाय बिचाऱ्याने." यात खोटं काय होतं? एक कोपरा तेवढा घासला होता.

"आई, तू सरकारी ऑफिसात जाणार," शार्दूल म्हणाला. "तुझं कार्डाचं चालू आहे. तिथे कॉम्रेड, क्रांती असलं काही बोलू नकोस प्लीज. ते विचारतात यार, पार्टीत होता का म्हणून."

"मी दुसऱ्याचं बोलायला चाललेय. माझं कोण विचारतंय?"

अंतोन तयारीसाठी दुपारी आमच्याकडे येऊ लागला. उंच मुलगा, पण खांदे असे आत ओढून बसायचा की खुर्ची त्याला मोठी वाटे. माझं पहिलं वाक्य ऐकून तो हसला. "तुम्ही माझ्या आजीसारखं रशियन बोलता. पूर्वी रेडिओवर असं बोलायचे." मला आनंद झाला आणि रागही आला. मी त्याला पोहे दिले. त्याने ते चमच्याने एकेक दाणा वेचल्यासारखे खाल्ले आणि सगळे संपवले.

मला त्याची काळजी वाटत होती, पण त्याहून जास्त काळजी मला माझ्या बाजूची वाटत होती, हे आज लिहायला लाज वाटत नाही. अमेरिकेच्या एका अधिकाऱ्यासमोर बसून रशियाची अब्रू काढायची. ज्या सरकारच्या इराकमधल्या तुरुंगाचे फोटो साऱ्या जगाने पाहिले, त्याच सरकारला सांगायचं की बघा हो, तिकडचे पोलीस किती वाईट. म्हणून मी आधी अंतोनचंच प्रबोधन करायला घेतलं.

"तुला माहीत आहे का," मी म्हटलं, "झारचा तुमच्याविरुद्धचा कायदा आम्ही सतरा सालीच केराच्या टोपलीत टाकला. बावीसच्या दंडसंहितेत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. तेव्हा इंग्लंडात तुमच्यासारख्यांना तुरुंगात टाकत होते. त्या इंग्रजांनी आमच्या देशाच्या गळ्यात बांधलेलं तीनशे सत्त्याहत्तर कलम आम्ही अजून वागवतोय, दिल्लीच्या कोर्टात वाद चाललेत. आणि आमच्या क्रांतीनंतरचा परराष्ट्रमंत्री, तोही तुमच्यातलाच, जवळच्या लोकांना ठाऊक होतं म्हणतात. तरी दहा-बारा वर्षं खातं त्याच्याकडेच होतं."

"हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही," अंतोन म्हणाला. त्याचे खांदे थोडे सैल झाले. मला वाटलं, बघा, मुलाला इतिहास दिला की कणा येतो. मग तो म्हणाला, "आणि चौतीस साली?"

"चौतीस साली त्यांनी कायदा परत आणला. पाच वर्षांपर्यंत कैद."

"सतरा साली 'आम्ही' आणि चौतीस साली 'त्यांनी'?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, ही म्हण त्याला ठाऊक नव्हती हे माझं नशीब. मी उठून चहा टाकला.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. पार्सिपनीच्या लायब्ररीत मी वाचलं होतं की त्या चौतीस सालीच मॉस्कोत राहणाऱ्या एका स्कॉटिश कॉम्रेडने थेट सर्वोच्च नेत्याला पत्र लिहिलं. अगदी शास्त्रशुद्ध, मुद्देसूद. माझ्यासारखा समलिंगी माणूस चांगला कम्युनिस्ट असू शकतो की नाही, एवढंच त्याने विचारलं होतं. उत्तर आलं नाही. पत्रावर दोन शिव्यांचा शेरा पडला आणि ते दप्तरात गेलं. त्याने किती विश्वासाने लिहिलं असेल! माझ्या नवऱ्यानेही अशीच पत्रं लिहिली होती, वेगळ्या विषयांवर, आणि तीही अशीच कुठल्यातरी दप्तरात गेली. ते वाचल्यापासून मला नीट झोप लागत नव्हती. पण आपल्या घरातलं उणंदुणं या पोराला कशाला सांगायचं, म्हणून मी गप्प बसले.

पोलीस ठाण्यात काय झालं ते अंतोन कधीच सांगेना. अर्जात 'पोलिसांनी हाल केले' एवढंच होतं. विचारलं की म्हणे, "तिथेच सांगेन. एकदाच सांगेन. दोनदा जमणार नाही."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी अनिकाने आम्हा दोघांना समोर बसवलं. "मावशी, लॉ असा आहे. मारलं, एवढं प्रूव्ह करून भागत नाही. का मारलं ते लागतं. तो गे आहे म्हणूनच मारलं, हे त्याच्या स्टोरीतून आलं पाहिजे. नाहीतर ऑफिसर म्हणेल, रशियातले पोलीस काय, सगळ्यांनाच मारतात. मग केस जज्जकडे जाते, आणि तिथून लोक परत पाठवले जातात. आय हॅव सीन इट."

"कळलं."

"आणि तो बोलेल तेच बोलायचं. 'तो म्हणतो' असं नाही, 'मी' म्हणायचं. अ‍ॅड नाही करायचं, कट नाही करायचं."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हे करतेय," मी म्हटलं.

सकाळी शार्दूलने हाफ डे टाकून आम्हाला गाडीने नेलं. रेडिओवर जॉर्जिया चालू होतं. मी म्हटलं, सुरुवात जॉर्जियानेच केली. मागच्या सीटवरून अंतोनने विचारलं, रेडिओवरची बाई काय सांगतेय. मी सांगितलं, माझं मतही सांगितलं. तो म्हणाला, "तिथे बॉम्ब पडताहेत आणि तुम्ही अजून बाजू शोधताय, सुमित्रा श्रीरंगोव्ना." मग तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या हाताची नखं खाऊन खाऊन आत गेली होती. मी माझ्या पर्समधली सुपारी काढून चघळली आणि लगेच थुंकून टाकली. तोंड कोरडं पडलं होतं.

खोली लहान होती. टेबलापलीकडे अधिकारी, चाळिशीची बाई, नम्र, दमलेली, वाईट मुळीच नव्हे. अनिका माझ्या उजवीकडे. वकिलाने शेवटीच बोलायचं असा तिथला नियम. टेबलावर एक फोन होता आणि त्याच्या स्पीकरमधून कुठल्यातरी गावातला एक पुरुष ऐकत बसला होता. त्यालाही रशियन येत होतं. माझ्या चुका पकडणं एवढंच त्याचं काम. माझ्या सबंध कारकिर्दीत माझ्यावर असा पहारा कोणी बसवला नव्हता. मी हात वर करून शपथ घेतली, काही गाळणार नाही, काही घालणार नाही.

सुरुवात बरी झाली. मॉस्कोतला मोर्चा, अंडी, ठोसे, वर्तमानपत्रातला फोटो. मुख्याध्यापिकेने राजीनामा लिहून घेतला. मग एका संध्याकाळी दुकानातून घरी येताना तिघा पोलिसांनी त्याला गाडीत घातलं. इथवर मी शब्दाला शब्द देत होते.

मग तो ठाण्यातलं सांगू लागला. कोणी धरलं, टेबल कुठे होतं, कशाने, आणि कोण हसत होतं. तो थांबलाच नाही. एकदाच सांगायचं म्हणून सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. माझ्या कानात ते शिरलं, आणि तोंडून इंग्रजी आलं ते असं:

"त्यांनी मला फार वाईट वागवलं."

मग फोनमधून कोरडा आवाज आला. "दुभाष्याने सारांश सांगितला आहे. अर्जदार पुष्कळ जास्त बोलला."

अधिकारी बाईने पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे चालणार नाही. पुन्हा असं झालं तर मला मुलाखत थांबवावी लागेल. मग नवी तारीख, नवा दुभाषी. त्याला पुन्हा सांगायला सांगा."

दोनदा जमणार नाही, तो म्हणाला होता. आणि ते दुसऱ्यांदा सांगायची वेळ त्याच्यावर मी आणली होती. मी त्याला रशियनमध्ये म्हटलं, पुन्हा सांग म्हणताहेत. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तेच जास्त लागलं. मग तो लहान लहान वाक्यं करून सांगू लागला. वर्गात शुद्धलेखन घालतात तसं एक वाक्य, मग थांबायचं, माझं होईपर्यंत वाट बघायची, मग पुढचं. माझी अडचण ओळखून तो मला सांभाळून घेत होता. आणि मी, साठी उलटलेली बाई, जिने नवऱ्यासमोरसुद्धा असले शब्द कधी उच्चारले नाहीत, मी म्हणत गेले, त्यांनी माझे कपडे काढले. मला टेबलावर पालथं दाबून धरलं. मी. मला. दांडक्याचंही म्हटलं. हसण्याचंही म्हटलं. फोन गप्प होता, म्हणजे बरोबर होतं.

शेवटी अंतोनची मान पार खाली गेली. तो टेबलाच्या कडेशी, जवळजवळ स्वतःशीच पुटपुटला, "त्यांच्यातला तो जाडा म्हणाला, सोव्हिएत काळ असता तर तुझ्यासारख्याला सरळ पाच वर्षं आत टाकला असता. आता कायदा राहिला नाही, म्हणून हे आम्हालाच करावं लागतं."

मी ते गाळलं.

विसरले नाही. ऐकू आलं नाही असंही नाही. इतकं सांगून झालं होतं, आणखी हे कशाला, असं मी मनाशी म्हटलं, पण ती सबब होती. त्या ठाण्यातला तो राक्षस ज्या काळासाठी हळहळत होता तो माझा काळ होता. माझा नवरा ज्यासाठी पंख्याखाली झिजला तो. ते वाक्य माझ्या तोंडाने, 'मी' म्हणून, अमेरिकेच्या कागदावर जाऊ द्यायला माझी जीभ वळेना. फोनमधल्या माणसाला ते पुटपुटणं ऐकू गेलं नसावं. तो काही बोलला नाही.

अधिकारी बाईने लिहून संपवलं आणि विचारलं, "त्यांनी तुमच्याशी असं का केलं असेल, तुम्हाला काय वाटतं?"

मी भाषांतर केलं. अंतोनने चमकून वर पाहिलं. "ते मी आत्ताच सांगितलं ना."

"ते मी सांगितलंय," मी त्याचं वाक्य इंग्रजीत म्हटलं.

बाईने कागद मागे उलटले, पुन्हा पुढे उलटले. "इथे काही दिसत नाही. त्यांनी तुमच्याकडून पैसे घेतले का?"

"घेतले. ते सगळ्यांकडूनच घेतात."

तिने ते लिहून घेतलं. शेजारी अनिकाचं पेन थांबलेलं मला दिसलं. रशियातले पोलीस काय, सगळ्यांनाच मारतात. केस नेमकी त्याच खड्ड्यात चालली होती आणि खड्डा मी खणला होता. बोलले तर मुलाखत थांबेल आणि या पोराला तिसऱ्यांदा, कुठल्यातरी परक्या माणसासमोर, पुन्हा ते टेबल आणि ते दांडकं सांगावं लागेल. नाही बोलले तर कोणाला कधीच कळणार नाही, फोनलासुद्धा नाही. अंतोनला तेवढं इंग्रजी येत नव्हतं. बाई फाइल बंद करू लागली.

मी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"चूक माझी आहे, त्याची नाही," मी म्हटलं. "तो एक वाक्य बोलला होता. ते मी गाळलं. मुद्दाम."

"मुद्दाम?" बाईच्या आवाजातला नम्रपणा गेला. "का?"

"ते माझ्या देशाविषयी होतं म्हणून."

"भारताविषयी?"

"नाही. सोव्हिएत युनियनविषयी. मी कम्युनिस्ट आहे."

अनिकाने डोळे मिटले. मला शार्दूलचा चेहरा दिसला, माझ्या ग्रीन कार्डाची फाइल दिसली. आता सुटलेला बाण परत येणार नव्हता. बाईने फाइल पुन्हा उघडली.

"आज तुमची मुलाखत नाहीये, मॅडम," ती म्हणाली. "वाक्य सांगा."

मी अंतोनला म्हटलं, ते जाड्याचं वाक्य पुन्हा सांग, मोठ्याने, फोनला ऐकू जाऊ दे. त्याला सगळं कळलं. मी काय केलं होतं तेही कळलं. तो ताठ बसला, पहिल्यांदाच खांदे मागे घेऊन बसला, आणि वर्गाच्या शेवटच्या बाकावर पोचेल अशा आवाजात ते वाक्य म्हणाला. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पाच वर्षांसकट, सोव्हिएत काळासकट. कायदा राहिला नाही म्हणून हे आम्हालाच करावं लागतं.

"भाषांतर अचूक आहे," फोनमधला माणूस म्हणाला.

बाई लिहीत राहिली. पुष्कळ लिहिलं तिने.

बाहेर आल्यावर अनिकाने माझा हात दाबला, जोरात, थोडा रागानेही असेल. अंतोन स्वच्छतागृहात गेला तो बराच वेळ आला नाही. निकाल दोन आठवड्यांनी, आपण येऊन न्यायचा होता.

गाडीत शार्दूलने आरशातून मागे पाहिलं. "कसं झालं? आई, तू काही बोलली नाहीस ना?"

"बोलले."

"ओह गॉड."

"ते नंतर. आधी दुसरं सांगायचंय." मी मागे वळून अंतोनला रशियनमध्ये विचारलं, "माझ्या मुलाला तुझं खरं कारण ठाऊक नाही. मी त्याला नीट सांगितलं नव्हतं. सांगू का?"

"सांगा," तो म्हणाला. "पण या वेळी सगळं सांगा."

मी सांगितलं. अंतोन समलिंगी आहे, म्हणून पोलिसांनी त्याच्यावर अत्याचार केला, असं साध्या मराठीत.

"हे आधीच सांगायचं ना, आई. तुला काय वाटलं, मी त्याला घरात घेतलं नसतं?"

"हो," मी म्हटलं. "तसंच वाटलं."

त्याला ते लागलं. लागणारच होतं. पण पार्सिपनी येईपर्यंत त्याने माझं म्हणणं खोडून काढलं नाही. घरी उतरल्यावर त्याने अंतोनला खुणेने विचारलं, जेवून जाणार का, आणि मग स्वतःच ताटं घेतली.

ते दोन आठवडे मी टीव्ही लावला नाही. जगाची काळजी करायला जागाच उरली नव्हती. फोन वाजला की वाटायचं, अनिकाचा असेल, मुलाखत रद्द केली म्हणून. दारावर कोणी आलं तरी वाटायचं, माझ्यासाठीच आलेत.

निकालाच्या दिवशी अनिका दुसऱ्या केससाठी कोर्टात अडकली होती. शार्दूलने पुन्हा सुट्टी टाकली, न सांगता. ऑफिसच्या खिडकीतून मिळालेलं निकालाचं पाकीट अंतोनने तिथे उघडलं नाही. गाडीत येऊन बसला आणि माझ्या हातात दिलं. "वाचा."

मी वाचलं. अर्ज मंजूर करण्याची शिफारस केली आहे, असं वर होतं. खाली लिहिलं होतं की सुरक्षा तपासण्या पूर्ण व्हायच्या आहेत, ही अंतिम मंजुरी नाही, काही प्रतिकूल आढळलं तर शिफारस मागे घेतली जाऊ शकते. अंतोन माझ्या ओठांकडे बघत होता. कोपरा घासायची इतकी इच्छा मला उभ्या जन्मात कधी झाली नव्हती. 'झालं रे बाळा, सुटलास', एवढंच म्हटलं असतं तर त्या पोराला निदान एक रात्र तरी झोप लागली असती.

मी वरपासून खालपर्यंत सगळं सांगितलं. बारीक अक्षरातलंही.

"म्हणजे हो?"

"हो म्हणायच्या बेतात आहेत."

"आणि फिरवू शकतात?"

"फिरवू शकतात."

त्याने मान हलवली. कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, आईला फोन करतो, बरेच दिवस केला नाही. त्याने खिशातून फोन-कार्ड काढलं, शार्दूलने आपला मोबाइल मागे दिला. लांबलचक आकडे दाबून झाल्यावर पलीकडे एका बाईचा आवाज आला, आणि अंतोनचा आवाज एकदम दहा वर्षांच्या मुलासारखा झाला. तो हसत हसत बोलत होता. गाल मात्र भिजत होते.

"काय म्हणतोय?" शार्दूलने हळूच विचारलं. "सांगतोय का आईला?"

मी थोडा वेळ ऐकलं, आणि मग जसं ऐकलं तसं सांगितलं.

"हवा छान आहे म्हणतोय. जेवायला बरं मिळतं म्हणतोय. इथे एका बाईंकडे पोहे खाल्ले म्हणतोय. आई, तू उगीच काळजी करतेस, मला तिकडेही कोणी कधी काही केलं नाही, म्हणतोय."